सोयाबीनचे भाव दाखवणाऱ्या ॲपसाठी वापरकर्ता-संशोधन कसे आखावे?

लातूर परिसरातील शेतकऱ्यांसाठी असे ॲप बनवण्यापूर्वी किती जणांशी आणि काय बोलावे, असा आपला प्रश्न आहे. आधी या अभ्यासावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. 'असे ॲप वापराल का?' हा प्रश्न कटाक्षाने टाळावा, कारण पाहुण्याला चहा पाजून 'वापरू की' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे आणि त्या होकारावर धंदा उभा राहत नाही. त्याऐवजी मागच्या वेळी माल कधी विकला, भाव कोणाकडून कळला, हे विचारून पट्टी, म्हणजे आडत्याने (बाजारातील दलालाने) दिलेली विक्रीच्या हिशेबाची पावती, दाखवण्याची विनंती करावी. तीवरील हमाली, तोलाई आणि वजा झालेली उचल (आडत्याकडून आधीच घेतलेली रक्कम) पाहिली की भाव ठाऊक असूनही शेतकरी आडत्या का बदलत नाही, याचा उलगडा पुष्कळदा तिथेच होतो. ऑक्टोबरच्या सुगीत निवांत कोणी बोलणार नाही, पण मोंढ्यात (धान्यबाजारात) उभे राहून निरीक्षण करण्यास तोच काळ उत्तम. किती जणांशी बोलावे याबाबत, वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली सुचवलेला पाच जणांचा आकडा हा ॲपच्या वापरसुलभतेच्या चाचणीसाठी आहे. मुलाखतींसाठी अल्पभूधारक, मोठे शेतकरी आणि आडते यांच्याशी वेगवेगळे बोलावे आणि नवे काही कळेनासे झाले की थांबावे.