जामीन राहिलेला शब्द

प्रश्न असा आला आहे: 'परिचारिकांच्या एका संघटनेचं इंग्रजी पत्रक मराठीत करते आहे. शेवटी, सहीच्या वर, "इन सॉलिडॅरिटी" असं लिहिलंय. तिथे "एकजुटतेने" लिहू की "पाठिंब्यासह"? आणि मुळात या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून?'

ताई, आधी ते 'एकजुटता' पुसून टाका. हिंदीत असेल, सुखाने असो. मराठीत 'एकजूट' हेच नाम आहे, त्याला आणखी 'ता' लावणं म्हणजे चपलेला चप्पल घालणं. रोज संध्याकाळी बातम्यांत कुणीतरी कुणाशी तरी 'एकजुटता दर्शवतो' आणि माझा चहा गार होतो. त्याच्या जोडीला हल्ली 'सॉलिडॅरिटी दाखवली' आलं आहे. काय केलं म्हणजे ती दाखवली जाते? तर मोबाइलवरचं स्वतःचं चित्र दोन दिवस काळं केलं. बरं.

'पाठिंबा'ही चालणार नाही, पण त्याचं कारण वेगळं. पाठिंबा देणारा बाहेरचा असतो. संप मोडला तर त्याची नोकरी जात नाही. शब्दातच पाठ आहे. तो पाठीमागे उभा, मार खाणारा पुढे. सॉलिडॅरिटीत असं पुढे-मागे नसतं. का नसतं, ते या शब्दाच्या जन्मात आहे, आणि तो जन्म कुठल्या मोर्चात झालेला नाही. तो झाला कर्जाच्या कागदावर.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. 'सॉलिड म्हणजे घट्ट, म्हणून सॉलिडॅरिटी म्हणजे घट्टपणा' अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते, आणि त्यातूनच 'दृढैक्य' नावाचा एक शब्द काही विद्वानांनी पाडला आहे. उच्चारताना दाताखाली खडा यावा तसा. लॅटिन 'सॉलिदुस'चा अर्थ घट्ट, भरीव असा आहेच, पण त्याच्याही मुळाशी 'अख्खा, पुरता' आहे. रोमन कायद्यात 'इन सॉलिदुम' म्हणजे 'पुरत्या रकमेसाठी'. चौघांनी मिळून कर्ज घेतलं आणि ते 'इन सॉलिदुम' असलं, तर सावकार चौघांपैकी कुणालाही गाठून पूर्ण रक्कम मागू शकतो. 'माझा चौथा हिस्सा घ्या आणि मला मोकळं करा' असं म्हणायची सोय नाही. या जबाबदारीला फ्रेंच वकील 'सॉलिदारिते' म्हणू लागले, आणि १८०४च्या फ्रेंच नागरी संहितेत तिच्यावर एक सुरेख कलम आलं: सॉलिदारिते गृहीत धरता येत नाही, ती स्पष्ट शब्दांत ठरवलेली असावी लागते. सभेत 'आपण सगळे एक आहोत' म्हणणाऱ्या प्रत्येक वक्त्याला हे कलम आधी वाचायला द्यावं.

आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं ते सांगतो. या 'सॉलिदुस'चा सख्खा भाऊबंद आपल्या घरात आहे: 'सर्व'. लॅटिन 'साल्वुस' (सुखरूप, अखंड), ग्रीक 'होलोस' (संपूर्ण), संस्कृत 'सर्व' आणि आपला हा 'सॉलिदुस', सगळे एकाच मूळ धातूचे. (इंग्रजी 'होल' मात्र या कुटुंबातला नाही. दिसतो तसा, पण तो दुसऱ्याच घरचा.) म्हणजे मुंबईची पोरं 'सॉलिड मार पडला' म्हणतात तेव्हा ती नकळत मूळ अर्थाच्या फार जवळ असतात: पुरता मार पडला. आणि 'इन सॉलिदुम'चं मराठी करायचं तर कोश उघडायलाच नको. 'होणाऱ्या नुकसानीस वाहनमालक सर्वस्वी जबाबदार राहील' ही पाटी आपण रोज वाचतो. सर्वस्वी! शब्दही तोच, मूळही तेच, अर्थही तोच.

हे मला पुस्तकात कळायच्या आधी घरात कळलं. वडील एका पतपेढीत सहकाऱ्याला जामीन राहिले होते, दुसरे जामीन त्याच खात्यातले एक गृहस्थ. कर्जदार बदली घेऊन गेला आणि हप्ते थांबले. दुसरे जामीन तोवर निवृत्त झालेले. एका महिन्यात वडिलांच्या पगारपत्रकात कपातीची एक नवी ओळ आली. वडील पतपेढीत गेले, मी बरोबर होतो. 'आम्ही दोघं जामीन, माझे निम्मे कापा,' असं त्यांनी सांगितलं. खिडकीतल्या माणसाने फॉर्म काढला आणि पेन्सिलीने एक ओळ अधोरेखित करून दाखवली: 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार.' मग म्हणाला, 'निम्मं-बिम्मं नसतं हो काका. ज्याचा पगार हाताशी, त्याचा कापायचा.' वडिलांनी पूर्ण कर्ज फेडलं. त्या गृहस्थांशी मैत्री शेवटपर्यंत टिकली, याचं आईला जन्मभर आश्चर्य वाटलं.

खिडकीतला माणूस 'ज्याचा पगार हाताशी' म्हणाला, ते याज्ञवल्क्याने श्लोकात म्हटलं आहे. त्याच्या स्मृतीत, म्हणजे जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, व्यवहाराध्यायात जामिनांवर आहे:

बहवः स्युर्यदि स्वांशैर्दद्युः प्रतिभुवो धनम् ।
एकच्छायाश्रितेष्वेषु धनिकस्य यथारुचि ॥

प्रतिभू म्हणजे जामीन. जामीन पुष्कळ असतील तर ज्याने त्याने आपापल्या हिश्शाने द्यावं. पण ते 'एकच्छायाश्रित' असतील, तर धनकोच्या, म्हणजे सावकाराच्या, मर्जीप्रमाणे: ज्याच्याकडून हवं त्याच्याकडून, पुरतं. मिताक्षरा या त्या स्मृतीवरच्या टीकेत विज्ञानेश्वर 'छाया'चा अर्थ सादृश्य असा लावतो. जामीन राहिलेला प्रत्येक जण त्या एका ऋणकोसारखाच, कर्जदारासारखाच झाला, त्याचीच सावली झाला. हे कुठे लिहिलं गेलं? चालुक्यांच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, उमरग्याच्या थोडं पुढे. रोमचे वकील हवेत कशाला!

आणि बारकावा पाहा. याज्ञवल्क्याच्या हिशेबात साधा नियम हिश्शाचा. एकच्छाया ही मुद्दाम पत्करायची गोष्ट. १८०४च्या त्या फ्रेंच, नेपोलियनच्या संहितेतही तसंच. उलट आपला १८७२चा करार कायदा, कलम ४३: अनेकांनी मिळून वचन दिलं असेल आणि तसं नाही असं स्पष्ट ठरलेलं नसेल, तर कुणाही एकाकडून पुरतं वचन पाळून घेता येतं, त्याने मग इतरांकडून त्यांचा हिस्सा मागत बसावं. म्हणजे फ्रेंच माणसाला एकच्छायेत यावं लागतं आणि आपण जन्मतःच तिच्यात बसलेलो. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले.

माझं म्हणणं असं, की सॉलिडॅरिटीला मराठी शब्द 'एकच्छाया' हाच करावा. माझ्या एका संस्कृतज्ञ स्नेह्यांनी हे ऐकून नाक मुरडलं. म्हणाले, 'छायेत ऋणको, धनको, वसुली. कसलं काव्य आहे यात?' काव्य यातच आहे, पंडितजी. तुमच्या 'एकात्मभावा'त कुणाच्या खिशाला हात लागतो? एकात्मभाव प्रवचन ऐकूनही येतो आणि चपला शोधेपर्यंत जातो.

वकिलांच्या कपाटातून हा शब्द समाजात आणला तो पिएर लरू या फ्रेंच समाजवाद्याने, १८४०च्या सुमारास. त्याला ख्रिस्ती दानधर्माच्या जागी बसवायला काहीतरी हवं होतं. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. देणं फेडावं लागतं. मराठीत 'दान' आणि 'देणं' या दोन शब्दांत जो फरक आहे, तेवढंच लरूचं तत्त्वज्ञान. पुढे लेओं बुर्झ्वा हा फ्रान्सचा पंतप्रधान झाला. १८९६च्या आपल्या पुस्तकात त्याने आणखी पुढची पायरी घेतली: माणूस जन्मतःच समाजाचा ऋणको असतो, म्हणून वाढत्या उत्पन्नावर वाढता कर हे दान नव्हे, परतफेड आहे. (इथे देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणत्रयावर लिहायचा मोह होतो आहे. शतपथ ब्राह्मणात तर चौथं, माणसांचं ऋणही आहे. पण आवरतो.)

मधे १८९३ साली दुर्खेम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ येऊन गेला आणि त्याने दोन जाती केल्या. माणसं सारखी म्हणून एकत्र असतात ती एक, आणि माणसं वेगवेगळी म्हणूनच एकमेकांवाचून त्यांचं अडतं ती दुसरी. आपल्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत याचं 'यांत्रिक ऐक्य' आणि 'सेंद्रिय ऐक्य' झालं. सेंद्रिय! गूळ आहे का तो? शिवाय दुर्खेमचा सगळा मुद्दाच असा की दुसऱ्या जातीत माणसं एक नसतात. शिंपी आणि न्हावी एक नाहीत, म्हणून तर एकमेकांकडे जातात. त्याला 'ऐक्य' म्हटलं की परीक्षेला बसणारी पोरं पाठ करतात आणि समजत कुणालाच नाही.

'ऐक्य'वाल्यांना माझा एक साधा प्रश्न आहे. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बंधुतेबद्दल सांगितलं, की हे तत्त्व सामाजिक जीवनाला 'युनिटी' आणि 'सॉलिडॅरिटी' देतं. दोन्ही शब्द, एका वाक्यात, शेजारी शेजारी. बाबासाहेब बॅरिस्टर होते, शब्द मोजून वापरत. 'युनिटी'ला तुम्ही ऐक्य दिलंत, आता 'सॉलिडॅरिटी'ला काय देणार? 'एकात्मता' म्हणाल तर ती उद्देशिकेत 'इंटिग्रिटी'साठी आधीच खर्च झाली. उरलं काय? याच भाषणात त्यांनी हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील असं विचारलं होतं. एकाच्या दुःखाची पुरती वसुली दुसऱ्याच्या दारात करता येते का, असाच तो प्रश्न आहे. निदान मी तो तसा वाचतो.

पोलंडचं सांगितल्याशिवाय हा शब्द पुरा होत नाही. ऑगस्ट १९८०, ग्दान्स्कची लेनिन गोदी. आना वालेंतिनोविच या क्रेनचालक बाईंना निवृत्तीला थोडे महिने उरले असताना कामावरून काढलं, म्हणून १४ तारखेला संप सुरू झाला. १६ तारखेला व्यवस्थापनाने पगारवाढ मान्य केली, बाईंना परत घ्यायचं कबूल केलं, आणि संपाचा नेता वावेन्सा याने संप मिटल्याचं जाहीर केलं. गोदीचं काम झालं होतं. पण बाहेर ट्रामवाले, बसवाले, लहान कारखाने याच गोदीच्या भरवशावर संपात उतरले होते. हेन्रिका क्शिवोनोस ही ट्रामचालक, गोदीच्या दवाखान्यातली परिचारिका अलिना पिएन्कोव्स्का आणि खुद्द वालेंतिनोविच, या बायकांनी घरी निघालेल्या कामगारांना फाटकावर अडवलं. तुम्ही गेलात तर आम्ही मेलो, असा त्यांचा सूर. पुष्कळ जण निघून गेले, पण थोडे थांबले, आणि ज्यांचं स्वतःचं देणं मिळालं होतं त्यांनी दुसऱ्यांच्या देण्यासाठी संप चालू ठेवला. त्याला त्यांनी नाव दिलं सॉलिडॅरिटीचा संप. ३१ ऑगस्टला करार झाला आणि सप्टेंबरात त्याच नावाची संघटना उभी राहिली. वर्षभरात तिचे सभासद एक कोटीच्या घरात गेले. स्वतःचा हिस्सा मिळाला म्हणून सुटायचं नाही. 'इन सॉलिदुम' ते हेच. आणि ताई, त्या तिघींत एक परिचारिका होती. तुमच्या पत्रकात कुठे तिचा उल्लेख करता आला तर करा.

आता 'एकजूट'. वाईट शब्द नाही. जुटणं, जोडणं, मेथीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा, सगळं आपलं, हाताला लागणारं. माझी तक्रार एवढीच की जुडी बांधलेली असते तोवरच जुडी. दोरा सुटला की मेथी. कोण कुणाचं देणं लागतं, हे त्यात नाही. काही जण 'सावड' सुचवतात. गावात सावड म्हणजे आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. सुंदर शब्द, पण त्यात परतफेड दिवसाला दिवस मोजून होते. 'इर्जिक' त्याहून जवळचा: सगळा गाव आपापली बैलं घेऊन एकाच्या रानात उतरतो, आणि तो जेवू घालतो. पण रुग्णालयापुढे निदर्शनं करणाऱ्या परिचारिकांनी 'इर्जिकपूर्वक' सही केली तर लोक विचारतील, बैल कुठे आहेत.

राहता राहिली तुमची ती शेवटची ओळ. आपल्याकडे ही गोष्ट पत्राच्या तळाशी लिहायची पद्धतच नाही. ती वर लिहितात. 'सप्रेम जय भीम', 'लाल सलाम', 'साथी' अमुक यांस. मराठी माणूस पत्र उघडतानाच सांगतो की मी तुझ्यातला आहे. तेव्हा खालची ओळ सरळ काढून टाका, नुसत्या सह्या ठेवा, आणि वर मायन्यात त्या एकमेकींना जी हाक मारतात ती लिहा. अख्खा महाराष्ट्र त्यांना 'सिस्टर' म्हणतो. त्या आपसांत काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

'एकच्छाया' तुम्ही वापरणार नाही हे मला माहीत आहे. पत्रकात 'एकजूट'च लिहाल. लिहा. फक्त 'एकजूट'मध्ये जू दीर्घ, आणि 'एकजुटीने'मध्ये ऱ्हस्व.