कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेचा अभ्यास सुरू करताना

कृष्णवर्णीय संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या न्याय्य वापराविषयी केलेले काम अभ्यासायचे तुम्ही ठरवलेत, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला लांबलचक वाचनयादी हाती घेऊ नका. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांचा २०१८ चा एकच शोधनिबंध सावकाश वाचा. आफ्रिका आणि युरोपातील सहा देशांच्या १,२७० लोकप्रतिनिधींची छायाचित्रे घेऊन त्यांनी चेहऱ्यावरून लिंग ठरवणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. एकूण अचूकतेचा आकडा ही तफावत झाकून टाकत होता, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे.

नवख्या अभ्यासकांच्या काही चुका वारंवार दिसतात:

- प्रणालीला शिकवण्यासाठीच्या डेटामध्ये अधिक चेहरे भरले की प्रश्न सुटला, असे मानणे. ती प्रणाली कोणावर आणि कोणाच्या संमतीने वापरली जाणार, हे आधी विचारा.
- या संशोधकांकडे केवळ अन्यायाचे साक्षीदार म्हणून पाहणे. डेटासंचासोबत त्याचे माहितीपत्रक असावे, हा गेब्रू आणि सहकाऱ्यांचा प्रस्ताव कार्यपद्धतीतील मोलाची भर आहे.
- अमेरिकेपाशीच थांबणे. आफ्रिकी भाषा संगणकाला हाताळता याव्यात म्हणून आफ्रिकी संशोधकांनीच उभारलेला ‘मसाखाने’ हा उपक्रम मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल.

न्याय्यतेच्या गणिती व्याख्या सध्या बाजूला ठेवा. निबंध वाचून झाला, की त्यातील चुकांचा तक्ता स्वतःच्या हाताने वहीत पुन्हा मांडून पाहा.