चित्र येत नाही म्हणतोस? मग आजच सुरू कर

अरे बाबा, "माझा हात चांगला नाही" हे आधी डोक्यातनं काढ. आपल्याला प्रदर्शन भरवायचं नाहीये, डोक्यातला गोंधळ कागदावर उतरवायचाय. २०१६ ला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे प्रयोग छापून आले, त्यात शब्द नुसते लिहिण्यापेक्षा ४० सेकंदांत त्यांची चित्रं काढली तर ते जास्त लक्षात राहिले, आणि चित्र बरं की वाईट यानं फरक पडला नाही.

सुरुवातीला एवढंच:

- साधी वही, बॉलपेन. मी आधी महागडे वॉटरकलर आणले, कपाटात वाळून दगड झालेत.
- खोडरबर नको. चुकलं की शेजारी परत काढ.
- मोबाईलवरचे फोटो कॉपी करत बसू नको, ही सगळ्यांचीच चूक. त्यापेक्षा आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे त्या जुन्या जैन मंदिरात, जाऊन मान वर कर. छतातलं ७२ पाकळ्यांचं ते कमळ मी लहानपणापासनं बघतोय, पण काढायला बसलो तेव्हा कळलं की पाकळ्या कुठनं सुरू होतात, मधे काय लोंबतंय, कायच नीट बघितलं नव्हतं!

घरातपण वापर की. आमचा प्लंबर कन्नडवाला, माझं कन्नड "स्वल्प स्वल्प", टाकी-पाईप-कॉक असं वेडंवाकडं काढून दाखवलं, पाच मिनिटांत समजलं त्याला.

शेडिंग, पर्स्पेक्टिव्ह आत्ता विचारू नको. एक वही भरव, मग बोलू.