संग्रहालयाच्या दुकानासाठी चित्रांवरून वह्या, कार्डं, बुकमार्क करायचे आहेत. चित्रं कोणती निवडावीत आणि किंमत कशी ठरवावी?

सगळ्यात प्रसिद्ध चित्र उचलून मुखपृष्ठावर चिकटवू नका. वही कोण घेणार आणि तिच्यात कशाने लिहिणार, हे आधी ठरवा. चित्राचं नंतर बघू. इतकं ठासून सांगते, कारण याच मुद्द्यावरून एका ज्येष्ठ चित्रकारांशी माझं वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी बडोद्याची, उपयोजित कला शिकलेली. बाहेरगावच्या एका संग्रहालयाने मला हेच काम दिलं होतं. त्यांच्याकडे राजा रविवर्मांच्या छापचित्रांचा सुरेख संग्रह आहे. मी वहीवर अख्खं चित्र घेतलंच नाही. एका चित्रातला पदराचा काठ, त्याच्या चुण्या आणि पदर सावरणारा हात, एवढंच मुखपृष्ठावर. पूर्ण चित्र आतल्या बाजूला, लहान. त्याखाली चित्राचं नाव, चित्रकार आणि छपाईचं तंत्र.

संग्रहालयाच्या समितीत असलेले ते ज्येष्ठ चित्रकार, म्हणजे सर, भडकले. "चित्राचे तुकडे करून विकताय! आणि चित्र वहीवर आलं की त्याची किंमत गेली." मी त्यांना तेव्हाच म्हटलं, सर, हे तुम्ही रविवर्मांच्या बाबतीत म्हणताय? महाराजा सयाजीरावांनी बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली. ती राजवाड्यात लागण्याआधी मुंबईत लोकांना दाखवली, तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. मागणाऱ्या सगळ्यांना पुरेल इतकं एका माणसाच्या हातून रंगवून होणार नाही, चित्रं छापून घ्या, असं त्यांना त्याच्याही आधी सुचवलं होतं ते सर टी. माधवरावांनी, जे पूर्वी बडोद्याचे दिवाण होते. १८९४ मध्ये रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं घराघरांतल्या देवघरात गेली, कॅलेंडरवर गेली, काडेपेटीवरही गेली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजीच्या देवघरात अशीच लक्ष्मी होती आणि तिच्या साडीवर कुणीतरी हौसेने टिकल्या-जर चिकटवली होती. त्या लक्ष्मीची किंमत गेली होती असं मला कुणी सांगू नये.

तुकड्यांचंही सांगते. वही दप्तरात जाते, जमिनीवर पडते, तिला पाय लागतो, शेवटी रद्दीत जाते. आपल्याकडे देवाचा चेहरा असलेली वही कुणी सुखाने वापरत नाही. घेतली तरी कोरी ठेवतात. काठ, दागिना, पानाफुलांची वेल, खांबावरची नक्षी यांना ती अडचण नाही. शिवाय भिंतीवरच्या मोठ्या चित्रात जो काठ नजरेतून सुटतो, तो हातात घेऊन बघता येतो. अख्खं चित्र हवं असेल तर ते कार्डावर द्या. कार्ड लोक जपून ठेवतात.

खरा घाम छपाईत निघाला. ही चित्रं दगडावरून छापलेली, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, छटा हाताने ठिपके देऊन काढलेल्या. त्यातला एवढासा भाग मोठा केला की ते ठिपके उघडे पडतात. मला ते हवेच होते. ते पुसून गुळगुळीत करणाऱ्या डिझायनरांचं मला पटत नाही. पण रविवर्मांची पार्श्वभूमी गडद, आणि बिनचकाकीच्या कागदात शाई मुरते, त्यामुळे सावल्या नुसत्या काळ्या होतात. छपाईची प्लेट काढण्याआधीच सावल्या मोकळ्या, म्हणजे थोड्या फिक्या, करून घ्याव्या लागल्या. स्क्रीनवर बघून रंग पास करू नका. मशीनपाशी उभं राहा, त्याच कागदावरचा प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, हातात घ्या. जरीचा सोनेरी रंग चार रंगांच्या छपाईत येतच नाही, पिवळट मातकट येतो. त्याला पाचवी सोनेरी शाई लागते. मी ती फक्त काठापुरती घेतली, खर्च वाढला तरी.

बांधणी दोऱ्याची, जुज (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवून, म्हणजे वही सपाट उघडते. चकचकीत लॅमिनेशन नको, बोटांचे ठसे उठतात. आतला कागद १०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपास घ्या आणि शाईच्या पेनाने लिहून बघा. शाई फुटली किंवा पाठीमागे उमटली तर कागद बदला. सरांना यातल्या एकाही गोष्टीत रस नव्हता.

तिथला काउंटरवरचा मुलगा सांगतो, वही उघडून आतलं चित्र बघितलं की काही जण "हे कुठल्या दालनात आहे?" विचारतात आणि परत आत जातात. सर आजही भेटले की तेच म्हणतात. माझं उत्तरही तेच आहे.

परवानगीचं मात्र आधी बघा. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. पण म्हणून सगळी जुनी चित्रं मोकळी नसतात. आपल्याकडे हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. आमच्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. ते १९६६ मध्ये गेले, म्हणजे २०२६ संपेपर्यंत ती मोकळी नाहीत. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यासारखी भित्तिचित्रं असलेली जुनी वास्तू पुरातत्त्व खात्याकडे असते, तिथे खात्याला विचारा. चित्र मोकळं असलं तरी संग्रहालयाने काढलेला फोटो वापरायला त्यांची लेखी संमती घ्या.

किमतीचं थोडक्यात: प्लेटचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे नग थोडे काढले तर प्रत्येक वही महाग पडते. कागद, छपाई, बांधणी, दुकानाचं कमिशन, खराब निघालेले नग, सगळं धरा. वही महाग झाली तर होऊ द्या, पण बुकमार्क शाळेच्या सहलीतल्या मुलाला खाऊच्या पैशात घेता आला पाहिजे. तो मी वहीच्याच छपाईत, कागदाच्या उरलेल्या पट्टीवर बसवला होता. मुखपृष्ठाचा कागद जाड असेल तर तुम्हालाही जमेल, छापखान्यात आधीच विचारून ठेवा.