हार्ड डिस्क फॅट ३२ वरून एनटीएफएस करायची आहे. आतला डेटा न जाता होईल का?

होईल. फॅट ३२ आणि एनटीएफएस या डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या दोन पद्धती. एकीवरून दुसरीवर जायला विंडोजमध्येच 'कन्व्हर्ट' नावाची कमांड आहे, वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की १ टीबीच्या डिस्कवर निम्मी जागा मोकळी आहे, तरी जत्रेतल्या दशावतारी नाटकाची रात्रभराची फाइल कॉपी होत नाही. फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून ती अडते. एनटीएफएसमध्ये ही अडचण नाही.

मात्र हा रस्ता एकेरी आहे. परत फॅट ३२ करायचं तर डिस्क फॉरमॅटच करावी लागते, म्हणजे आतलं सगळं पुसावं लागतं. तुमच्या मंडळात कोणी मॅकवर एडिटिंग करत असेल तर त्याला एनटीएफएस डिस्क वाचता येईल, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये तिच्यावर काही लिहिता येणार नाही. अशा वेळी एक्सफॅट ही विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता येणारी पद्धत बरी, पण त्यालाही फॉरमॅट लागतं.

आता मुख्य गोष्ट. मी कुडाळला दुरुस्तीचं काम करतो, आणि दुसरी डिस्क मिळत असेल तर मी कन्व्हर्टच्या वाटेला जात नाही. सगळं तिच्यावर कॉपी करायचं, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि साइझ जुळवायची, चार-पाच व्हिडिओ मधूनच चालवून बघायचे, मग मूळ डिस्क फॉरमॅट करून सगळं परत आणायचं. वेळ जातो, पण जाऊ दे. ज्या नाटकांतले जुने नट आता पुन्हा उभे राहणार नाहीत, ती रेकॉर्डिंगं एकाच डिस्कवर ठेवणं मला पटत नाही. दुसरी डिस्क उसनी मिळाली तरी चालेल. एवढी जागा नसेलच, तर निदान जी पुन्हा मिळणार नाहीत ती रेकॉर्डिंगं आधी दुसरीकडे ठेवा.

मग कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची विंडोजमधली खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि आधी चेकडिस्क चालवून डिस्कवरच्या चुका दुरुस्त करून घ्या. त्यानंतर कन्व्हर्ट, स्पेस, ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, स्पेस, तिरकी रेघ (/), एफएस, कोलन, एनटीएफएस, असं सगळं इंग्रजीत टाइप करा. तो व्हॉल्यूम लेबल विचारेल. इथे बरेच जण घाबरतात. धिस पीसीमध्ये ड्राइव्हच्या अक्षराआधी जे नाव दिसतं तेच टाकायचं.

काम चालू असताना लाइट गेली किंवा केबल हलली तर मात्र डिस्क बिघडू शकते. आपल्याकडे पावसात लाइटचा भरवसा नाही, म्हणून हे काम लॅपटॉपवरच करा. बॅटरी पूर्ण भरलेली, स्लीप बंद. केबलची टोकं नीट बघा. खाऱ्या हवेने पिना गंजतात आणि कनेक्शन मधेच तुटतं. केबल सैल वाटली तर आधी नवी घ्या.

शेवटी डिस्क काढून पुन्हा लावा. "फॉरमॅट करा" असं विचारलं तर कॅन्सल करा, डिस्कवर काहीही नवीन लिहू नका आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. सगळं उघडलं तरी दुसरी प्रत लगेच पुसू नका, सगळी नाटकं एकदा चालवून होईपर्यंत तरी राहू दे.