सांगलीतून एका दिवसात कृष्णाकाठची खाण्याची आणि वाईनची सहल होईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: फेब्रुवारीत सांगलीला लग्नाला येताय, दुसरा दिवस मोकळा आहे, तुम्ही दोघं आणि आई-बाबा असे चौघंजण आहात. खासगी गाडी करून नदीकाठानं खात-फिरत जायचंय, जमलं तर वाईन चाखायचीय, बाबा मात्र घेत नाहीत. नाशिकला जाण्याएवढा वेळ नाही. तर हे इथे जमेल का?

जमेल, आणि फेब्रुवारीइतका चांगला महिना दुसरा नाही. फक्त ही सहल वाईनची म्हणून आखू नका, द्राक्षाची म्हणून आखा. वाईन हा तिच्यातला एक थांबा ठेवा. असं केलंत तर वाईनचं जमलं नाही तरी दिवस फुकट जात नाही आणि बाबांनाही दिवसभर गाडीत बसून राहावं लागत नाही.

हे सांगण्यामागे कारण आहे. 2001 मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि दोन वाईन पार्क (वाईन कारखान्यांसाठीच्या वसाहती) ठरले: नाशिककडे विंचूरला आणि आपल्याकडे पलूसला. नाशिकला पुढं वायनरी, टेस्टिंग रूम, राहायची सोय असं सगळं उभं राहिलं. इकडे तसं झालं नाही. शेतकऱ्यांनी वाईनच्या जातीची द्राक्षं लावली होती, पण 2008-09 च्या मंदीनंतर मागणी घसरली आणि माल घ्यायला कुणी पुढं येईना. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची; बाजारात खायला म्हणून ती कोण घेणार? लोकांनी बागा तोडल्या आणि पुन्हा खायच्या व बेदाण्याच्या द्राक्षाकडे वळले. ज्यांनी कर्ज काढून मांडव उभे केले होते त्यांना ती वर्षं फार जड गेली. त्यामुळं पलूसला गाडी लावून ‘टेस्टिंग कुठाय हो?’ असं विचारत फिरू नका. यायच्या आठवडाभर आधी तिथल्या वायनरीला फोन करा, दिवस आणि वेळ सांगा, समोरून स्पष्ट ‘या’ आलं तरच तो थांबा धरा. जानेवारी ते मार्च हा द्राक्षं गाळायचा हंगाम असतो, माणसं कामात असतात, पण बघण्यासारखं जे आहे तेही त्याच दिवसांत असतं.

आता गाडी. ‘खासगी’ म्हणजे ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी, असं करू नका. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि मग ‘ओळखीतला’ माणूसही अडचणीत येतो. सांगलीत बहुतेक जण आठ तास-ऐंशी किलोमीटर असा दर सांगतात. मी सांगतोय तो फेरा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा आणि दहाएक तासांचा होतो, तेव्हा वरच्या किलोमीटरचा आणि तासांचा दर आधीच बोलून घ्या. ड्रायव्हरचं जेवण तुमच्याबरोबर, हेही आधीच सांगा. ड्रायव्हर शक्यतो तासगाव-पलूस भागातला बघा. त्याच्या कुणा पाहुण्याची बाग असतेच, आणि बागेत शिरायला तीच ओळख सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

सकाळी आठला निघून आधी हरिपूर करा. सांगलीला लागूनच आहे, कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. दर्शन झालं की गावात हळदीच्या पेवांची चौकशी करा. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोटात रुंद अशी ही कोठारं. तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही, त्यामुळं कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, काही तास तोंड मोकळं ठेवतात, कारण आत श्वास घ्यायला हवाच नसते. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्या जमिनीनं ही हळद शतकभर सांभाळली तिच्याकडं बघायला कुणी येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही जा. फेब्रुवारीत नवी हळद शिजवायचं कामही चालू असतं, वाटेत कुठं वाफ आणि तो ओला उग्र वास आला तर गाडी थांबवा.

तिथून माधवनगर, नांद्रे, वसगडेमार्गे भिलवडी आणि औदुंबर. औदुंबर सकाळीच करा, वाईनच्या आधी. दत्ताचं ठिकाण आहे, नृसिंहसरस्वतींनी तिथं चातुर्मास केला अशी श्रद्धा आहे. आई-बाबांना तिथं घाई करायला लावू नका. भिलवडी समोरच्या काठाला. तिथला दगडी घाट बघा, सकाळच्या वेळी तिथं बसायला फार छान वाटतं. चितळ्यांच्या दुधाची सुरुवात याच भिलवडीतली, 1939 सालची. खायचं म्हणाल तर इथं चहाच घ्या आणि पोट जरा रिकामं ठेवा. गाडीत सांगलीचं भडंग असू द्या म्हणजे कुणाला भूक लागली तर तेवढ्यापुरतं भागेल.

जेवण हा या सहलीचा कणा आहे आणि ते हॉटेलात करू नका. पलूस-कुंडल-भिलवडी पट्ट्यात घरगुती जेवण करून देणाऱ्या बायका आहेत, बचत गट आहेत. ड्रायव्हरला किंवा तुमच्या लग्नघरातल्या माणसांना दोन दिवस आधी सांगून ठेवा. काय सांगायचं तेही लिहितो: शाळूची भाकरी, मळीच्या रानातल्या वांग्याचं भरलं वांगं, खर्डा, घरचं दही, आणि खात असाल तर सुकं मटण आणि तांबडा रस्सा. कृष्णेच्या पुरानं काठाला जो गाळ येतो त्या मळीत पिकलेलं वांगं इतर वांग्यांपेक्षा वेगळं लागतं. साल पातळ, बी कमी, आणि शिजलं की शेंगदाण्याच्या कुटात जवळजवळ विरघळतं. बाजारात ‘कृष्णाकाठची’ म्हणून कुठलीही वांगी विकतात. घरी जेवायला गेलात तर रानातली मिळायची खात्री जास्त. भाकरी चुलीवरची आणि ताटात पडेल तशी गरम हवी, आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवलेली नको, हे आवर्जून सांगा. त्यांनाही तसं वाढायला आवडतं, पाहुणे वेळेवर येत नाहीत म्हणून त्या आधी करून ठेवतात. तेव्हा साडेबारा म्हणालात तर साडेबाराला पोचा.

वायनरीचं ‘या’ आलं असेल तर तिथं जेवणाच्या आधी जा, अकराच्या सुमाराला. रिकाम्या पोटी चाखायचं म्हणजे थोडंच चाखायचं, घोट जिभेवर फिरवायचा आणि थुंकून टाकला तरी चालतो, त्यात लाजायचं काही नाही, चाखणारे लोक तसंच करतात. टाक्या दाखवा म्हणा. पांढऱ्या वाईनला रस सालीपासून लगेच वेगळा करतात, लाल वाईनला सालीसकट आंबवतात, रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. एवढं डोळ्यांनी बघितलं की पुढच्या वेळी बाटली घेताना तुम्हाला काय हवंय ते नेमकं कळतं.

आपल्या जेवणाबरोबर काय, यावर माझं मत ठाम आहे: गार केलेली शेनिन ब्लां ही पांढरी वाईन, थोडी गोडसर. तिखटाबरोबर तुरट लाल वाईन घेतली की तिखट आणखी चढतं आणि वाईनही कडू लागते. खर्ड्याबरोबर लाल घेऊच नका. शिराझसारखी लाल वाईन प्यायचीच असेल तर सुक्या मटणाबरोबर, आणि मटण कमी तिखट करायला सांगून.

वायनरीचं जमलं नाही तर सांगलीतल्या परवाना असलेल्या दुकानातून महाराष्ट्रातल्याच द्राक्षाची एखादी बाटली घ्या, पिण्याचा एक दिवसाचा परवानाही घ्या, आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणी उघडा. ज्या घरी जेवायला जाताय तिथं बाटली नेऊ नका. अनेक घरांत माळकरी माणसं असतात, ते तोंडावर नाही म्हणणार नाहीत, पण त्यांना ते रुचणार नाही. त्यांनी स्वतःहून चालेल म्हटलं तर गोष्ट वेगळी. घाटावर, बागेत, विनापरवाना ढाब्यावर तर अजिबात नको, ते कायद्यातही बसत नाही. आणि ड्रायव्हरला एक घोटही देऊ नका, तो कितीही ‘मला काही होत नाही’ म्हणाला तरी. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा आहे.

दुपारनंतर तासगावकडे निघा. हा भाग माझा सगळ्यात आवडता आहे आणि याला सलग दोन तास द्या. आधी बाग. आमच्याकडं एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी होते, म्हणजे फेब्रुवारीत घड भरलेले असतात. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षातून निवडलेली तास-ए-गणेश ही जात याच तासगावच्या मातीतली. मांडवाखाली वाकून शिरावं लागतं, बाबांच्या गुडघ्यांना सांभाळा. घडाला हात लावू नका. मण्यावर जी पांढरट झाक असते ती बोट लागलं की पुसली जाते, आणि तसा डागाळलेला घड व्यापारी मागं काढतो. तोडून खायचं असेल तर मालकाला विचारूनच, फवारणी कधी झाली ते त्यालाच माहीत असतं.

मालकाला ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, दाखवायला सांगा. हातभराहून छोटं, दुर्बिणीसारखं नळकांडं असतं. काचेवर मणी चिरडून रसाचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडं धरून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर आकडा दिसतो. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास चालतो, बेदाण्याला आणि वाईनला 22 च्या पुढं हवा. तीच साखर. यीस्टच्या हवाली केली तर 12-13 टक्के अल्कोहोलची वाईन होते, वाऱ्यावर ठेवली तर बेदाणा होतो. चौघांनाही एकेकदा बघू द्या. वाईन न घेणाऱ्या बाबांना ही सहल आपली वाटेल ती इथं.

मग बेदाण्याचं शेड. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यानं सालीवरचं मेण सैल होतं आणि आतलं पाणी लवकर सुटतं. मग शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरतात. ऊन लागू द्यायचं नसतं, सावलीत आणि वाऱ्यावर वाळवायचं, तरच हिरवा रंग राहतो. साधारण पंधरवड्यात चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तुम्ही जाल तेव्हा एकाच शेडमध्ये कालचा माल आणि दहा दिवसांपूर्वीचा माल शेजारी-शेजारी असेल, तर दोन्हीतला एकेक मणी मागून घ्या आणि एकामागं एक खा. अर्धवट वाळलेला मणी बाहेरून चिवट, आतून अजून रसाळ असतो. ही चव दुकानात कधीच मिळत नाही, कारण तो माल शेडच्या बाहेर पडतच नाही. शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांचे फोटो त्यांना विचारून काढा. आणि मध्येच ढग आले तर मालकाशी गप्पा लांबवू नका. अवकाळीचे दोन थेंब म्हणजे काय, हे ज्याचा माल जाळीवर आहे त्यालाच कळतं.

तासगावात गणपतीचं देऊळ वाटेवरच आहे, त्याचं सात मजली गोपुर दाक्षिणात्य धाटणीचं, पाच मिनिटं उतरून बघा. सागरेश्वर अभयारण्यही लोक सुचवतील. ते सुंदर आहे, वरून अख्खं कृष्णाखोरं दिसतं, पण ते घेतलंत तर तासगाव सोडावं लागेल. दोन्ही कोंबू नका.

परतीला अंधार पडायच्या आत सांगली गाठा. ऊस तोडणीचे दिवस असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि त्यांना मागं दिवा असेलच असं नाही. बाटल्या घेतल्या असतील तर डिकीत ठेवू नका, फेब्रुवारीतही दुपारी ती तापते. पायाशी, ओल्या फडक्यात ठेवा. बेदाणा घेताना मूठभर हातात घेऊन दाबा आणि सोडा: मणी सुटे झाले तर माल नीट वाळलाय, गोळा राहिला तर ओल आहे, घरी गेल्यावर बुरशी धरेल. फार लखलखीत पिवळा दिसला तर गंधकाची धुरी दिलेला असतो. आई-बाबांपैकी कुणाला दमा असेल तर तो न घेता, धुरी न दिलेला माल मालकाला विचारून घ्या. आणि किलो-दोन किलो शेडवरच घ्या, पैसे थेट त्या शेतकऱ्याच्या हातात द्या.