मेगाब्लॉकच्या दिवशी चहा जास्त लागतो

नौपाडा, ठाणे
शनिवार, रात्री

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा जिना उतरता उतरता तू म्हणालीस, "काका, आपला रविवारचा सिनेमाचा ग्रुप मी सांभाळीन, पण मला सिनेमातलं फारसं कळत नाही हो." तेवढ्यात तुझी रिक्षा आली आणि उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. ते आता लिहितो. कळत नाही हे एका परीने बरंच आहे. मला फार कळायचं, आणि त्यापायी पहिली दोन वर्षं मी हा ग्रुप जवळजवळ बुडवत आणला होता.

माझं वळण फिल्म सोसायटीचं. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. आमची पिढी त्या वाऱ्यावर वाढली. थिएटरात जन्मात लागणार नाहीत असे सिनेमे तिथे बघायला मिळायचे. (काही सभासद सेन्सॉरची कात्री न लागलेलं काहीतरी दिसेल एवढ्याच आशेवर वर्गणी भरायचे. दिग्दर्शकाचं नाव त्यांना शेवटपर्यंत पाठ झालं नाही, पण वर्गणी मात्र वेळेवर यायची.) खेळ संपला की चर्चा, आणि चर्चेत ज्याला जास्त नावं पाठ तो मोठा. मी तीच पद्धत इकडे ठाण्यात आणली. आपण कसली सोसायटी! रविवारी सकाळी तिकीट काढून सिनेमाला जाणारी पंधरा-वीस माणसं आपण. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी रबाळ्याच्या कंपनीत, कोणाचा नवरा परदेशी, कोणाला घरात बोलायला माणूस नाही. आणि मी त्यांना चहाच्या टेबलावर कॅमेऱ्याच्या हालचाली शिकवत बसायचो. हळूहळू सिनेमा संपल्या संपल्या एकेकाला गाडी गाठायची घाई व्हायला लागली. रविवारी दुपारी बारा वाजता इतक्या जणांना कसली गाडी, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग तो मे महिन्यातला रविवार. साडेनऊचा खेळ होता. येताना सगळ्या गाड्या वेळेवर, त्यामुळे मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात तो, कोणी बघितलाच नव्हता. ब्लॉकचा हा कावा लक्षात ठेव, तो अकराच्या सुमारास लागतो. सकाळच्या खेळाला माणूस सुखाने येतो आणि परतताना अडकतो. ट्रान्सहार्बरवर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर, चार वाजेपर्यंत गाडी नाही म्हणाले. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे धरून सात जण अडकले. बसला ही रांग, वर डोकं फुटेल असं ऊन. शेवटी स्टेशनाबाहेरच्या उडप्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. सिनेमात एक लांबलचक प्रसंग होता, बाई स्वयंपाकघरातून दाराशी येते, दारात दीर उभा, दोघांचं घराच्या वाटणीवरून बोलणं, आणि मध्ये एकही कट नाही. त्यावर माझं दहा मिनिटं चाललं. घणसोलीच्या एक बाई होत्या, हॉस्पिटलात नर्स होत्या पूर्वी. सहा महिने येत होत्या, एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "मला ते दोघं काय बोलले ते ऐकूच आलं नाही. गॅसवर दूध होतं. माझा सगळा जीव तिकडे."

मी तो प्रसंग त्याआधी एकदा बघितला होता. म्हणजे त्या दिवशीचा धरून दोन वेळा. दूध मला दिसलंच नव्हतं.

मग टेबलावर नुसती झुंबड. दूध उतू गेलं की नाही? नाही गेलं, ती जाताना गॅस बारीक करून गेली होती. नाही हो, गॅस मोठाच होता. मग उतू गेल्याचा आवाज का नाही आला? एक जण म्हणाले, दिग्दर्शक विसरला असेल. त्यावर बाई म्हणाल्या, बाई विसरेल का? आमच्याकडे वाटणीचा विषय निघाला तेव्हा माझी पोळी तव्यावर होती, अजून आठवते. यानंतर सिनेमा बाजूला राहिला आणि लोक आपापल्या घरातल्या वाटण्यांवर आले, आणि तासाभराने त्याच वाटेने परत सिनेमावर आले. चार वाजून गेले, गाड्या सुरू झाल्या, तरी कोणी उठेना. चहाचं बिल त्या दिवशी तिकिटांच्या वर गेलं.

तेव्हापासून मी "कसा वाटला?" हा प्रश्न बंद केला. त्याला "छान" किंवा "ठीक" याखेरीज उत्तर येत नाही, आणि आलंच तर कुठल्यातरी यूट्यूबवाल्याचं येतं. तू विचार, आत्ता डोळे मिटले तर काय दिसतंय? कोणी म्हणेल पायऱ्या, कोणी म्हणेल नायकाचा मळका शर्ट. तिथून धर. आणि जो पहिल्यांदा आलाय त्याला पहिला नंबर देऊ नकोस, तिसरा-चौथा दे. तोवर त्याला कळतं की इथे चुकीचं उत्तर नसतं. माझ्यासारखा कोणी जाणकार सुरू झालाच, तर मध्येच त्याला इडली की मेदुवडा ते विचारायचं. मला हे तीन वेळा झालंय, आणि तिन्ही वेळा विचारणारी तूच होतीस.

आता व्यवहाराचं. वार बदलू नकोस. रविवार सकाळ म्हणजे रविवार सकाळ, पाच जण आले तरी. मी एकदा लोकशाही करायला गेलो आणि ग्रुपवर वाराचं मतदान घेतलं. एकतीस मतं पडली, शनिवार संध्याकाळ निवडून आली, आणि शनिवारी आम्ही सहा जण. मत देणं आणि चप्पल घालणं यात फार अंतर असतं. सकाळच्या खेळाला तिकीट स्वस्त पडतं, बायकांना रात्री परतायची काळजी नाही, आणि मराठी सिनेमाला बऱ्याचदा हीच आडवेळ मिळते, तिचा आपण फायदा घ्यायचा. पण मराठी सिनेमा "पुढच्या रविवारी बघू" म्हणून ठेवू नकोस. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचे खेळ सोमवारी कापले जातात, पुढच्या रविवारी तो पनवेलला एका खेळात उरलेला असतो. बुधवार-गुरुवारी वेळा लागतात, त्या रात्रीच ठरवून टाकायचं. काय बघायचं तेही तूच ठरव. शिव्या बसतील. पण निवड वाईट निघालेल्या दिवशी चर्चा जास्त रंगते, हा माझा अनुभव.

पैसे आधी घे. ओळख कितीही असो. एकदा मी माझ्या कार्डावर बावीस तिकिटं काढली, पाऊस लागला, नऊ जण आलेच नाहीत आणि मागायची मला लाज. ऑनलाइन काढताना एका वेळी दहाच तिकिटं निघतात आणि प्रत्येकामागे वरचा आकार बसतो. जमेल तेव्हा आदल्या दिवशी खिडकीवर जाऊन काढ, एका ओळीत जागाही मिळतात. कोणी नातवंड आणणार असेल तर सिनेमाचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघून घे. 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असेल तर दारावरून परत पाठवतात आणि मग आजी, नातू आणि तू असे तिघं बाहेर बसता.

कोणीतरी नक्की सुचवेल, की आमच्या हाउसिंग सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावू, माझं ओटीटीचं खातं आहेच. गोड बोलून नाही म्हण. घरच्यासाठी घेतलेल्या खात्यावर दहा घरांची माणसं जमवून खेळ लावता येत नाही, त्याला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. निर्मात्याला पत्र लिहून ती मिळवायची तयारी असेल तर कर, मला आवडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम सांगायचं राहिलं. ते दिसायला अगदीच फुटकळ आहे. सकाळी मॉलचं मोठं दार बंद असतं, सिनेमावाल्यांना पार्किंगच्या बाजूच्या लिफ्टने वर सोडतात. नव्या माणसाला हे माहीत नसतं. तो बंद दारापाशी येतो, इकडे तिकडे बघतो, फोन काढतो, फोन परत खिशात ठेवतो. आणखी दोन मिनिटं कोणी दिसलं नाही तर तो घरी जातो आणि पुन्हा कधी येत नाही. म्हणून खेळाच्या आधी अर्धा तास त्या बंद दारापाशी उभं राहायचं, लिफ्टपाशी नाही. हातात काहीतरी ओळखू येईल असं घे. माझी लाल छत्री तुला माहितीच आहे. तू स्वतः पहिल्यांदा आलीस तेव्हा दोनदा माझ्यावरून पुढे गेली होतीस आणि तिसऱ्यांदा विचारलंस, "इथे सिनेमाचं काही आहे का?" जाहिरातींची पहिली दहा मिनिटं चुकतील तुझी. चुकू देत.

उद्या ट्रान्सहार्बरला ब्लॉक आहे, मी आजच बघितलंय. ग्रुपवर टाकलं नाही. टाकायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
काका

ता. क. : वहीच्या मागच्या कप्प्यात चहाचे ३४० रुपये आहेत. त्यातले ८० कोपरखैरण्याच्या आजोबांचे. ते घ्यायचेच नाहीत म्हणतात, तरी दर महिन्याला एकदा विचारायचं. छत्री वॉचमनकडे ठेवली आहे.